ओहायोतला पारोसा देव

नायगारा पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका भेटल्या की पहिला प्रश्न तोच, आणि मी नाही म्हटलं की विमानाचं तिकीट वाया घालवल्यासारखं बघतात माझ्याकडे. अहो, नायगारा काय, कोणीही बघतो. मी अमेरिकेत मागणी घालायला गेले होते. तीसुद्धा मुलीला नाही, मुलाला नाही. काशाच्या एका तळहाताएवढ्या पत्र्याला.

वेस्ट विंडसर

माझी थोरली नणंद म्हणजे अक्का, मुक्काम सासवड. त्यांची मुलगी सुनीता न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला असते. अक्का एकट्या विमानात बसायला तयार नव्हत्या, आणि आमच्या ह्यांनी ऐन वेळी गुडघा पुढे केला, म्हणून सोबतीला माझी वर्णी लागली. अक्कांना इंग्रजी येत नाही आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नाही. त्या सगळ्यांशी मराठीत बोलतात. समोरच्याला कळलं नाही तर तेच जरा मोठ्यानं बोलतात.

सुनीताची मुलगी इरा. जन्म तिथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर अर्धं इंग्रजीत. घरात सगळे इंजिनियर, आणि ही निघाली जुन्या मूर्ती आणि नाणी शिकायला. सध्या ओहायोत एका छोट्या कॉलेजच्या म्युझियममध्ये आहे, पण नोकरी कंत्राटी. थ्रेस नावाच्या देशावर ती प्रदर्शन भरवत होती. आता थ्रेस म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. आजचा बल्गेरिया आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख. तिथे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हे थ्रेशियन लोक राहायचे. घोड्यांचे वेडे, सोन्याचे वेडे आणि दारूचे तर महावेडे. स्वतःबद्दल लिहून असं काही ठेवलंच नाही त्यांनी, त्यामुळे आता त्यांच्या नाण्यांवरून आणि भांड्यांवरून अंदाज बांधत बसायचं. इरा तेच करते आणि तिला त्याचा पगार मिळतो.

नाणी म्युझियमची स्वतःची होती, पण प्रदर्शनाचा खरा जीव म्हणजे घोडेस्वाराचा एक पत्रा. तो होता स्तोयान नावाच्या बल्गेरियन म्हाताऱ्याकडे. हा घोड्यांचा डॉक्टर, आता निवृत्त, ओहायोत एका खेड्यात एकटाच राहतो. इरा वर्षभर त्याच्या घरी खेटे घालत होती. तो दर वेळी तिला पोटभर जेवायला घालायचा आणि हात हलवत परत पाठवायचा. पत्रा आला नाही तर प्रदर्शन रद्द, आणि प्रदर्शन रद्द तर इराचं कंत्राट पुढे वाढायचं नाही, हे तिच्या साहेबीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

एका शनिवारी तिचा फोन आला. सुनीतानं स्पीकरवर टाकला.

"मॉम, स्तोयान वॉन्ट्स एल्डर्स."

"म्हणजे?"

"म्हणतोय, अशी वस्तू मी मुलांच्या हातात देत नाही. घरातलं मोठं माणूस घेऊन ये, मग बोलू. लाइक, द ओल्डेस्ट."

अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "बरोबर आहे त्याचं. मागणी घालायला कोणी पोरंटोरं पाठवतं का? अगं शैला, माझी हिरवी इरकल काढ."

सुनीताला आणि जावयाला रजा मिळेना, म्हणून इराच आम्हाला न्यायला आली. अक्कांनी नारळ घेतला, खण घेतला. खण कोणाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डब्लिन

वाटेतलं फारसं सांगण्यासारखं नाही. पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही, एवढंच. अक्कांना गाडी लागते, म्हणून त्या पर्समध्ये चिंचेचा गोळा ठेवतात आणि घाट आला की चघळतात. एका ठिकाणी थांबलो तेव्हा त्यांनी तिथल्या बेसिनमध्ये पाय धुतले. शेजारची बाई आधी दचकली, मग अक्कांकडे बघून तिनंही मोजे काढले. "थंडगार वाटतं की नाही?" अक्कांनी तिला मराठीत विचारलं. ती "ओ येस" म्हणाली. अशा माणसाला इंग्रजी येऊन काय करायचंय?

इरा डब्लिनला भाड्याच्या घरात राहते. हे आयर्लंडचं नव्हे, ओहायोतलं. गावात आपल्या लोकांची कमी नाही. किराण्याच्या दुकानात नागपूरची एक बाई भेटली, ती मेथीच्या जुड्यांवरून एका पुणेकर गृहस्थांशी भांडत होती, मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. गावात एका मैदानात माणसापेक्षा उंच मक्याची कणसं उभी आहेत, रांगेनं, सगळी सिमेंटची. इरानं हौसेनं दाखवली. "आर्ट आहे, आजी."

अक्का सगळीकडून फिरून आल्या. "दाणे भरलेत छान," म्हणाल्या. "पण मेलं, खायचं कधी?"

म्युझियम

दुसऱ्या दिवशी इरानं आम्हाला तिचं कॉलेज दाखवलं. म्युझियम म्हणजे विटांची एक बसकी इमारत. आत इतकी शांतता की अक्कांच्या बांगड्यांचा आवाज ऐकून पहारेकरी उठून उभा राहिला.

तिथल्या मुख्य बाई, म्हणजे इराच्या त्या साहेबीणबाई, ह्यांचं नाव मार्था. उंच, पांढरे केस, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. त्या निळे हातमोजे घालून चिमट्यानं एकेक नाणं दाखवत होत्या. एका चांदीच्या नाण्यावर जीभ बाहेर काढलेली, डोळे वटारलेली बाई होती. मार्थाबाई म्हणाल्या, ही वाईट नजर परतवते. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे नवं घर बांधताना हिला वरच्या मजल्यावर टांगतात! ते इरानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी लगेच लिहून घेतलं. दुसऱ्या एका तांब्याच्या नाण्यावर सेउथिस नावाच्या राजाचं डोकं आणि मागे घोडेस्वार. पण ते नाणं इतकं काळं-हिरवं पडलेलं की राजा कुठे आणि घोडा कुठे, काही समजेना.

अक्कांचा चेहरा मघापासून वाईट झाला होता. शेवटी त्यांना राहवेना.

"इरा, एवढं मोठं कॉलेज, आणि ह्यांना कोणी चिंच आणून देत नाही का गं?"

"आजी, नो! तो कचरा नाही. ते पटिना आहे. शेकडो वर्षांनी बनतं ते. ते काढलं की द पीस इज डेड. कळलं? पुसायचंसुद्धा नाही."

"म्हणजे घाण जपून ठेवायची."

"घाण नाही, आजी. एज आहे ते. वय."

"वय मलाही झालंय. मी रोज आंघोळ करते."

मी अक्कांना बाजूला घेऊन बजावलं, की अक्का, तुमच्या पाया पडते, उद्या त्या माणसाकडे काही म्हणजे काही घासू नका, पोरीची नोकरी आहे. त्या म्हणाल्या, "मी काय वेडी आहे का?" ह्या प्रश्नाला नणंदेसमोर उत्तर नसतं.

स्तोयानच्या घरी

सकाळी अक्का लवकर उठून न्हाल्या, इरकल नेसल्या आणि म्हणाल्या, "आज चंपाषष्ठी." फोनवर बघितलं तर खरंच होती. सासवडहून जेजुरी हाकेच्या अंतरावर, खंडोबा हे अक्कांच्या सासरचं कुळदैवत. चंपाषष्ठी म्हणजे अक्कांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. देवाचे टाक, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेले ते लहान पत्रे, घासूनपुसून लख्ख करायचे, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची, आणि मग चार महिने सोडलेलं वांगं खायचं. ह्या वर्षी टाक सासवडला थोरल्या जावेकडे आणि अक्का ओहायोत. त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं.

बर्फ भुरभुरत होतं. स्तोयानचं घर शेतात, लाकडी, मागे तबेला. दारात एक म्हातारा काळा कुत्रा, त्याच्यामागे तितकाच म्हातारा मालक. भरघोस मिशा, डोक्याला लोकरी टोपी. अक्कांना बघितल्याबरोबर त्यानं टोपी काढली आणि चक्क वाकला. अक्कांनी त्याच्या हातात नारळ आणि खण दिला. त्यानं खण खांद्यावर घेतला आणि दिवसभर तसाच ठेवला.

त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा जड, पण मला कळत होतं. इथे मराठीतच देते.

"आधी जेवण," तो म्हणाला. "पोट रिकामं असताना धंद्याचं बोलू नये."

पहिला मान दह्याचा. बल्गेरियन माणसाला वाटतं की दही त्यांनी शोधून काढलं. अक्कांनी चमचाभर तोंडात घातलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "विरजण चांगलंय. जरा लवकर हलवलं." इरानं भाषांतर केलं. म्हातारा थक्क! आदल्या दिवशी मांजरानं भांड्याला धक्का दिला होता म्हणे. तेव्हापासून तो अक्कांनाच वाढू लागला, आम्हाला विचारीनासा झाला. ताकाला ते आयरान म्हणतात. ते त्यानं दिलं थ्रेशियन राजांच्या पेल्याची नक्कल केलेल्या शिंगाच्या आकाराच्या पेल्यातून, ज्याच्या टोकाला हरणाचं डोकं. त्या डोक्याला खाली भोक असतं आणि धार तिथून तोंडात घ्यायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वरून प्यायला गेले आणि सगळं ताक हरणाच्या तोंडातून माझ्या मांडीवर.

मी पदर पिळून परत येते तो टेबलावर एक वाडगा. भाजलेलं वांगं, सोलून, कुस्करून, वर तेलाची धार. शेजारी हातानं थापलेली जाड गोल भाकर.

"क्योपोलू," स्तोयान म्हणाला.

"भरीत," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "शैला, भरीत आहे हे. आणि रोडगा."

त्यांनी पहिला घास बाजूला काढून ठेवला, चार महिन्यांनी वांगं खाल्लं, आणि मग एक शब्द बोलल्या नाहीत. अक्का गप्प बसल्या की मला भीती वाटते.

जेवण झाल्यावर त्यानं आतून फडक्यात गुंडाळलेला पत्रा आणला. आला बाई नवरा मुलगा, असं माझ्या मनात आलं. काळाकुट्ट. पण कडेनं उजेड धरला की दिसायचं: घोड्यावर बसलेला माणूस, हातात भाला, खाली धावणारा कुत्रा, आणि दोन बाजूंना दोन बायका.

इरा हलक्या आवाजात सांगत होती, की हा थ्रेशियन हॉर्समन, अशी शिल्पं खूप सापडली, पण ह्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. नो वन नोज हिज नेम.

अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "घोडा," त्या पुटपुटल्या. "कुत्रा. म्हाळसा. बाणाई. आणि ह्यांना नाव माहीत नाही?"

"अक्का, गप्प बसा."

"आज चंपाषष्ठी आहे, शैला!"

"मला माहितेय. गप्प बसा."

इरानं मागणीचं बोलणं काढलं. स्तोयान मिशा कुरवाळत म्हणाला की आधी माझी घोडी बघा, तिला बघितल्याशिवाय मी काही ठरवत नाही. आम्ही उठलो. अक्का म्हणाल्या, बर्फात मी येत नाही, मी हात धुऊन इथेच बसते. आणि मी, चाळीस वर्षं ह्या बाईला ओळखणारी मी, त्यांना त्या पत्र्याजवळ सोडून घोडी बघायला गेले. घोडी चांगली होती. बाकी काय सांगू.

परत आलो तेव्हा स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत होता. इरा पळाली. मी तिच्यामागे.

अक्का मोरीपाशी, म्हणजे सिंकपाशी. पदर खोचलेला. हातात चिंचेचा चोथा, शेजारी टेबलावरचं मीठ. आणि पाण्याखाली घोडेस्वार, नव्या कोऱ्या वाटीसारखा लखलखीत. घोड्याची आयाळ दिसत होती. कुत्र्याची शेपटी दिसत होती. स्वाराच्या कपाळाला हळद लावून झाली होती. जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी त्यांच्या कमरेला असतेच.

"आजी," इरा म्हणाली. "आजी, व्हॉट डिड यू डू?" आणि ती तिथेच फरशीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वर्षभर. वन होल इयर, मामीआजी." मी तिला जवळ घेतलं. अक्कांचा मला असा संताप आला होता, की मोठी नणंद नसती तर तिथेच वाजवली असती.

स्तोयान दारात उभा. त्यानं पत्रा घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मग विचारलं, "ह्यांनी हे का केलं?"

इरा नाक पुसत भाषांतर करायला लागली. अक्का ताठ उभ्या होत्या.

"का म्हणजे? आज त्याचा सण. सणाच्या दिवशी देवाला आंघोळ नको? त्याला म्हणावं, किती वर्षं पारोसा ठेवलास तू ह्याला?"

पारोसा ह्या शब्दाला इंग्रजीत शब्दच नाही. इरानं प्रयत्न केला: आंघोळ न करता दिवस काढणारा, आणि त्याबद्दल लाज वाटायला हवी असा.

स्तोयान खुर्चीत बसला. हसतोय की रडतोय तेच कळेना. त्याची आई, तो म्हणाला, गावाकडे हा पत्रा चुलीमागे लावायची आणि दर वसंतात संत जॉर्जच्या सणाला राख आणि व्हिनेगर लावून घासायची. ती त्याला संत जॉर्जच समजायची. तो अमेरिकेत आला, सगळी कागदपत्रं करून हा बरोबर आणला, इथेही चुलीमागेच लावला. मग एक प्रोफेसर आले. म्हणाले, हात लावू नका, ह्यावर काळाचा थर आहे. तेव्हापासून त्यानं हात लावला नाही.

"म्हणजे हे जे वर होतं..." इरा म्हणाली.

"सॉसेजचा धूर," स्तोयान म्हणाला. "मी खूप सॉसेज खातो."

इरानं तोंडावर हात घेतला. ह्या पोरीनं त्या सॉसेजच्या धुरावर म्युझियमसाठी लांबलचक टिपण लिहिलं होतं.

त्यानंतर अक्कांना कोण आवरणार? तळी उचलायचीच, म्हणाल्या. ताटात नारळ, विड्याचं पान नाही तर कोबीचं पान, सुपारी नाही तर अक्रोड. तळीला पाच जण लागतात आणि आम्ही चार. स्तोयाननं कुत्र्याला बोलावलं आणि त्याचा पंजा ताटाखाली धरला. खंडोबाच्या दारी कुत्र्याचा मान असतोच, त्यामुळे अक्कांची हरकत नव्हती. "येळकोट येळकोट जय मल्हार!" स्तोयाननं तिसऱ्या वेळी इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं, की तबेल्यातून घोडी खिंकाळली. भंडारा उधळला. त्याच्या पांढऱ्या मिशा पिवळ्या झाल्या.

मग त्यानं पत्रा दोन्ही हातांत घेतला. इरा उभी राहिली. आणि म्हाताऱ्यानं तो अक्कांच्या ओटीत घातला.

"म्युझियमला नाही," तो म्हणाला. "ह्यांना. ह्यांना ह्याचं नाव माहीत आहे."

अक्कांनी नको म्हणायला हवं होतं. एखादं शहाणं माणूस म्हणालं असतं. "देव चालत आला, त्याला नाही कसं म्हणू?" अक्का म्हणाल्या, आणि पदरात बांधून गाडीत जाऊन बसल्या.

मार्थाबाईंशी बोलणी

घरी आल्यावर इरा म्हणाली, "आजी, मला तो हवाय. प्लीज. माझा जॉब आहे." सरळ मराठीत. अक्का म्हणाल्या, "तुला कळत नाहीये, बाळ. देवाला काचेत कोंडून ठेवू? लोक येणार, च्युइंगम चघळत बघणार, जाणार. मी त्याला सासवडला नेणार." इरा उठून आत गेली. मी रागानं म्हटलं, "अक्का, देव घरी न्या आणि नात इथे सोडा. छान." सकाळी त्या म्हणाल्या, "चल, त्या बाईला बघू काय म्हणते ते."

मार्थाबाईंना इरानं सगळं खरं सांगितलं, चिंचेसकट. मला वाटलं, आता पोलीस. तर त्यांचे डोळे चमकले. आजकाल म्युझियमवाल्यांचा म्हणे नियम असतो, की वस्तू ज्या समाजाची त्या समाजाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. त्यांना आजवर विचारायला एकही थ्रेशियन सापडला नव्हता, कारण ते सगळे कधीच संपले. त्यांनी फार आदरानं विचारलं, "तुम्ही थ्रेशियन समाजातर्फे बोलू शकता का?"

"मी सासवडची," अक्का म्हणाल्या.

मार्थाबाईंनी ते लिहून घेतलं.

मग अक्कांच्या अटी. देव आडवा ठेवायचा नाही. तोंड पूर्वेला. वर्षातून एकदा आंघोळ. आणि उघडायचं रविवारी, कारण रविवार हा खंडोबाचा वार. म्युझियम रविवारी बंद असतं. मार्थाबाईंनी चारदा फोन केले आणि प्रदर्शनाचं उद्घाटन रविवारी ठरलं. आंघोळीवर मात्र वाद झाला. चिंच नाही, म्हणाल्या त्या, आम्ल आहे. अक्का म्हणाल्या, तुम्हीही एकदा लावून बघा, तुमच्या त्या काळ्या पडलेल्या बांगडीला गरज आहे. शेवटी साध्या पाण्यावर तडजोड झाली.

"पण अजून मी हो म्हटलेलं नाही," अक्का उठता उठता म्हणाल्या. "रविवारपर्यंत ठेवते इथे, मग येऊन बघेन. ती जागा मला देवाची वाटली तर राहील. नाहीतर पिशवीत घालून नेईन."

इरानं ते जसंच्या तसं मार्थाबाईंना सांगितलं.

रविवार

रविवारी बर्फ थांबलं होतं, पण थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं लागे. अक्का मोज्यांवर कोल्हापुरी चपला घालून निघाल्या. बूट नको म्हणाल्या, देवाला जायचंय.

आत दिवे, पाहुणे, हातात पेले. दालनाच्या दाराशी अक्का थबकल्या आणि चपला काढल्या. स्तोयान मागोमाग, खांद्यावर खण, त्यानंही बूट काढले. मार्थाबाईंनी विचारलं हे काय, इरानं सांगितलं, आणि त्यांनी लगेच आपले बूट काढून भिंतीशी लावले. झालं! पाहुण्यांना वाटलं, प्रदर्शनाचा भागच आहे. एक एक करून सगळे वाकले. दाराशी बुटांचा हा ढीग, आणि आत ओहायोतली प्रतिष्ठित मंडळी मोज्यांवर, गुळगुळीत फरशीवर जपून पावलं टाकत. कॉलेजच्या अध्यक्षांचा अंगठा मोज्यातून बाहेर आला होता. ते तो दुसऱ्या पायाखाली लपवत भाषण करत होते.

मला हसू आवरेना. पण अक्का हसत नव्हत्या. त्या काचेसमोर उभ्या. आत घोडेस्वार, पूर्वेला तोंड, खालून उजेड, सुंदर दिसत होता. लोक येत होते, "लव्हली" म्हणत होते, जात होते.

"घंटा नाही," अक्का म्हणाल्या. "नारळ नाही. गुरव नाही. कोणी कोणाला ढकलत नाही. शैला, हे काही देऊळ नव्हे. बघ, दुकान वाटतं."

इरा माझ्या शेजारी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा पडला आणि ती गर्दीतून निघून गेली. अक्कांनी पिशवीची घडी उलगडली.

"भाषणं होऊ दे," मी म्हटलं. "एवढं तरी करा." त्या थांबल्या, कशाबशा.

भाषणं झाली. अक्का मार्थाबाईंशी बोलायला म्हणून दाराकडे निघाल्या, चपला घालायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ढीग उपसला. मार्थाबाईंनी शोधलं, स्तोयाननं शोधलं, पहारेकऱ्यानं टॉर्च आणला. अध्यक्षांचे बूट सापडले, सगळ्यांचे सापडले. अक्कांच्या चपला नाहीत.

"गेल्या," अक्का म्हणाल्या. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "चपला चोरीला गेल्या, शैला! सगळी पीडा गेली! अगं, देवळाशिवाय कुठे जातात चपला अशा?" त्या मोज्यांवर मागे वळल्या, काचेवर डोकं टेकवलं, आणि पिशवीची पुन्हा चौकोनी घडी घातली. "राहू दे त्याला इथे. जागा देवाची आहे."

मार्थाबाई अपराधी चेहऱ्यानं माफी मागत होत्या. त्यांच्या म्युझियममधून आजवर काही चोरीला गेलं नव्हतं. अक्का त्यांची पाठ थोपटत होत्या.

बर्फात अक्कांनी जायचं कसं? मार्थाबाईंनी स्वतःचे लांब बूट दिले. मला कोट आणायला म्युझियममधल्या इराच्या खोलीत पाठवलं. दार लोटलेलं होतं. इरा टेबलाशी उभी, हातात निळे हातमोजे, समोर नाणी ठेवायचा पुठ्ठ्याचा डबा. त्यात पांढऱ्या मऊ कागदात, पिल्लू निजवावं तशा, दोन कोल्हापुरी चपला.

मी आत येऊन दार लावलं.

"मी दहा वर्षांची असताना जेजुरीला माझे स्नीकर्स गेले होते," ती हळूच म्हणाली. "मी खूप रडले होते. आणि आजी इतकी, इतकी खूश झाली होती, मामीआजी. आय नेव्हर फरगॉट."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. बाहेरून अक्कांची हाक आली.

मी दोन्ही कोट उचलले. "झाकण नीट लाव," मी म्हटलं. "चामड्याचा वास येतोय."